स्मृतिचिन्ह आणि मुद्देमाल : मराठी गद्यातील बंदुकीची आठवण

१

वस्तू आणि स्मृती यांच्या संबंधाचा विचार मराठी समीक्षेत बहुधा प्रतिमा आणि प्रतीक या दोन कोटींच्या आधारे होत आला आहे. कवितेतील दिवा, कथेतील जाते, कादंबरीतील वाडा यांचे अर्थ लावताना वस्तू कशाची तरी खूण म्हणून वाचली जाते आणि ती खूण उलगडली की वस्तूचे काम संपते. परंतु आठवणपर गद्याचा एक प्रकार असा आहे की, त्यात वस्तू कशाचीही खूण म्हणून येत नाही. ती स्वतःच कथनाचा विषय असते. लेखकाला एखादी वस्तू आवडते, ती त्याच्या हाताच्या सवयीची झालेली असते आणि तिच्या निमित्ताने त्याचे आयुष्य त्याला सांगता येते. अशा लेखनाला छंदलेखन म्हणून बाजूला सारण्याची आपली रीत आहे. ही रीत सोयीची असली तरी समर्थनीय नाही. कारण कोणती वस्तू प्रिय म्हणून सांगता येते आणि कोणती येत नाही, हा प्रश्न वाङ्मयीन असण्याइतकाच सामाजिकही आहे.

या प्रश्नाच्या विचारासाठी लहान व्यासाच्या रायफलीचे उदाहरण विशेष उपयुक्त ठरते. इंग्रजीत, त्यातही अमेरिकन इंग्रजीत, पॉइंट टू टू म्हणजेच टू-टू रायफलीच्या आठवणी हा जवळजवळ स्वतंत्र गद्यप्रकार झाला आहे. या रायफलीच्या काडतुसात बार पेटवणारे मिश्रण बुडाच्या मध्यभागी नसून कडेच्या पोकळ वळीत भरलेले असते. बंदुकीच्या टाचणीचा आघात त्या कडेवर होतो आणि बार उडतो. फ्रान्समध्ये फ्लोबेर याने १८४५च्या सुमारास दिवाणखान्यात नेमबाजी करण्यासाठी या तत्त्वाची काडतुसे तयार केली. अमेरिकेत स्मिथ अँड वेसन या कंपनीने १८५७मध्ये आपले पहिले टू-टू काडतूस बाजारात आणले. आणि आज जगभर वापरले जाणारे ‘लाँग रायफल’ हे त्याचे रूप १८८७मध्ये सिद्ध झाले. गोळीचे नेहमीचे वजन चाळीस ग्रेन, म्हणजे सुमारे अडीच ग्रॅम. आवाज थोडा, खांद्याला धक्का जवळजवळ नाही, काडतूस स्वस्त. या तीन गुणांमुळे ही रायफल मुलाच्या हाती देता येते आणि पुन्हा पुन्हा वापरता येते. स्मृतीला आवृत्तीची गरज असते. एकदाच उडालेल्या तोफेची दंतकथा होते. रोज संध्याकाळी रिकाम्या डब्यावर झाडलेल्या रायफलीची आठवण होते.

या आठवणींचा रूपबंध विलक्षण स्थिर आहे. व्लादिमिर प्रॉप याने १९२८मध्ये रशियन लोककथांच्या अभ्यासातून जी कार्यांची साखळी मांडली, तिच्यातील महत्त्वाचे दुवे येथे सहज सापडतात. वडील किंवा आजोबा हे ‘दाते’ असतात. मुलाला सुरक्षिततेचे नियम पाळून दाखवावे लागतात; ही ‘परीक्षा’. मग रायफल हाती येते. हे ‘जादूचे साधन’. पहिला डबा, पहिली खार किंवा पहिला ससा ही ‘सिद्धी’. शेवटी, दस्त्याची लाकडी झिलई उडालेली ती रायफल निवेदक आपल्या मुलाच्या हाती देतो आणि नायक स्वतःच दाता होतो. लोककथेत जादूचे साधन मिळाल्यावर नायक घराबाहेर पडून राक्षसाला भिडतो. येथे मात्र साधन मिळणे हेच जवळजवळ साध्य असते. राक्षस नाही, विवाह नाही, राज्य नाही. हस्तांतर हाच कथेचा गाभा आहे. म्हणून हे लेखन वरवर शस्त्राविषयी दिसले तरी वस्तुतः ते वारशाविषयी असते, आणि वारसा ज्याच्यापाशी आहे त्यालाच ते लिहिता येते.

२

मराठीत असा गद्यप्रकार रुजला नाही. याचे सोपे उत्तर असे दिले जाईल की, बंदूक ही येथील वस्तूच नव्हे. ती परकी, म्हणून तिचे प्रेमही परके. देशीवादी भूमिकेतून हे उत्तर आकर्षक वाटेल, पण भाषेची साक्ष त्याच्या विरुद्ध आहे. ‘बंदूक’ अरबी-फारसीच्या वाटेने आली, ‘काडतूस’ पोर्तुगीजांकडून आले, ‘पिस्तूल’ही त्याच बंदरातून उतरले आणि ‘रायफल’ इंग्रजीतून, नळीच्या आतील पिळदार खाचांचे नाव घेऊन आली. परंतु ही आवक झाल्यावर मराठीने त्या वस्तूच्या अवयवांना आपल्या घरातील शब्द दिले. बोटाने ओढायच्या खिळीला ‘चाप’ म्हटले, म्हणजे धनुष्याचे जुने नाव नव्या यंत्राला लावले. आघात करणाऱ्या भागाला ‘घोडा’ म्हटले. ‘बार’ भरला जाऊ लागला, उडू लागला आणि फुसकाही निघू लागला. ‘नेम’ या शब्दाने तर मोठाच प्रवास केला. संस्कृत ‘नियम’ यापासून आलेला हा शब्द मराठीत व्रताचा आहे, नित्यक्रमाचा आहे, शाश्वतीचा आहे आणि लक्ष्य साधण्याचाही आहे. पावसाचा नेम नसतो, एकादशीचा नेम असतो आणि बंदुकीचा नेम धरावा लागतो. ज्या भाषेने व्रत आणि लक्ष्यवेध यांना एकच शब्द पुरवला, त्या भाषेला ही वस्तू परकी होती असे म्हणता येत नाही.

भाषेत वस्तू रुजली, पण वस्तू हाती नव्हती. १८७८च्या शस्त्र कायद्याने परवान्याविना हत्यार बाळगणे हा गुन्हा ठरवला. युरोपियनांना आणि सरकारच्या मर्जीतील काही थोरांना त्यातून सूट होती. बाकी प्रजेसाठी बंदूक ही अर्ज, चौकशी आणि मेहेरबानी यांच्या पलीकडची गोष्ट झाली. स्वातंत्र्यानंतर १९५९च्या शस्त्र अधिनियमाने जन्मावर बेतलेली ही विषमता दूर केली, परंतु परवान्याची चौकट राहिली. अमेरिकन निवेदकाची रायफल दुकानातून घरी येते. मराठी माणसाची बंदूक कचेरीतून घरी येते. हा फरक कथनाच्या मुळाशी आहे. आजोबांनी नातवाला बंदूक द्यायची म्हटले तरी परवाना हस्तांतरित होत नाही, तो नव्याने मागावा लागतो. प्रॉपच्या साखळीत दाता आणि नायक यांच्यामध्ये येथे सरकार उभे राहते.

परिणामी मराठी स्मृतीत अग्निशस्त्र आले ते सार्वजनिक इतिहासाची वस्तू म्हणून. येवल्याचेच उदाहरण घेता येईल. १८५७च्या उठावातील सेनानी तात्या टोपे यांचा जन्म १८१४मध्ये येवल्याचा. १८ एप्रिल १८५९ रोजी त्यांना शिवपुरी येथे फाशी देण्यात आले. ज्या वर्षी अमेरिकेत टू-टू काडतूस घरगुती करमणुकीच्या दिशेने निघाले, त्याच वर्षी हिंदुस्थानात एन्फील्ड रायफलीच्या काडतुसावरील चरबीच्या प्रश्नाने पलटणी पेटल्या. काडतूस दातांनी तोडावे लागे, म्हणून ते धर्माशी भिडले. विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये (लेखन १८८३च्या सुमारास, चिं. वि. वैद्य यांच्याकडून प्रसिद्धी १९०७) काडतुसांची ही हकिकत येते ती बाजारात, मुक्कामात, वाटेवर ऐकलेल्या बोलण्याच्या स्वरूपात. मराठी गद्यातील काडतुसाची ही एक ठळक आठवण. आणि ती कोणा एकाच्या हाताची नाही, ती एका समाजाच्या तोंडाची आहे. नाशिक जिल्ह्याचे दुसरे मोठे स्मरण असेच आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात जिल्हाधिकारी जॅक्सन याच्यावर अनंत कान्हेरे याने पिस्तूल झाडले. त्या पिस्तुलाची मालकी, त्याचा प्रवास, त्याचे भाऊबंद यांविषयी पुष्कळ लिहिले गेले. कारण ते न्यायालयातील पुरावा होते. एमिल दुरखेमचा शिष्य मॉरिस हाल्बवाक्स याने १९२५मध्ये प्रतिपादिले होते की, व्यक्तीची स्मृतीही समूहाच्या चौकटीतच आकार घेते. मराठीपुरते असे म्हणता येईल की, बंदुकीच्या बाबतीत समूहाची चौकट इतकी भक्कम होती की, तिच्यात व्यक्तीच्या लहानशा आठवणीला जागाच उरली नाही.

३

याला एक ठळक अपवाद आहे आणि तो शिकारकथनाचा. परवाना ज्यांच्यापाशी होता त्या इनामदार, संस्थानिक, अधिकारी आणि पांढरपेशा हौशी शिकाऱ्यांच्या जगात बंदूक ही व्यक्तिगत वस्तू होती. दुनळी, बारा बोअर, ठासणीची बंदूक या शब्दांना शिकारकथनात जी ऊब आहे ती इतर मराठी गद्यात नाही. जिम कॉर्बेट यांच्या अनुवादांनी या लेखनाला एक आदर्श पुरवला. कॉर्बेट यांनी ‘जंगल लोअर’ (१९५३) या पुस्तकात बालपणीच्या, एक नळी फाटलेल्या, ठासणीच्या बंदुकीची आठवण सांगितली आहे, आणि चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यानंतर १९०७मध्ये त्यांना भेट मिळालेल्या रिग्बी रायफलीला तर आज स्वतंत्र चरित्रच आहे. ती रायफल २०१५मध्ये तिच्या मूळ निर्मात्या कंपनीकडे परत गेली. वस्तूचे असे चरित्र संभवते ते तिच्यावर नाव कोरलेले असते म्हणून.

परंतु शिकारकथनाच्या व्याकरणाकडे पाहिले की, या ऊबेची किंमत कळते. या वाक्यरचनेत कर्ता एकवचनी असतो, शिकारी. हाकारे मात्र अनेकवचनी असतात आणि बहुधा अनामिक. रान उठवणारे, ढोल बडवणारे, जखमी जनावराच्या मागावर पहिल्याने झुडपात शिरणारे हेच लोक असतात. पण आठवण त्यांच्या नावे जमा होत नाही. मराठीत दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवण्याचा वाक्प्रचार आहे. शिकारकथनात तो अक्षरशः घडतो. बंदूक वाहणारा खांदा एकाचा, चाप ओढणारे बोट दुसऱ्याचे आणि आठवण त्या बोटाची. वॉल्टर बेन्यामिन याने १९३१मध्ये ग्रंथसंग्राहकाविषयी लिहिताना संग्राहकाचे वस्तूशी असलेले नाते उपयोगाच्या पलीकडचे असते, असा मुद्दा मांडला होता. शिकाऱ्याचे बंदुकीशी असलेले नाते असेच भासते. मात्र ते उपयोगापलीकडे जाऊ शकते याचे कारण उपयोगाचा बराचसा भार इतरांनी उचललेला असतो.

या प्रवाहातील महत्त्वाचे वळण व्यंकटेश माडगूळकर यांच्या लेखनात दिसते. तरुणपणी शिकारीची गोडी असलेला हा लेखक पुढे बंदूक बाजूला ठेवून प्राण्यांचे निरीक्षण करू लागला. ‘नागझिरा’ हे या बदललेल्या दृष्टीचे पुस्तक, आणि वानरांच्या टोळ्यांवरील ‘सत्तांतर’ (१९८२) ही कादंबरी तिचे कलात्मक फळ. बंदूक गेली म्हणजे केवळ एक वस्तू गेली असे नव्हे. कथनाचा काळ बदलला. शिकारकथा शेवटाकडे धावते, कारण बार हा तिचा पूर्णविराम असतो. निरीक्षणपर गद्याला असा पूर्णविराम नाही. प्राणी येतो, थांबतो, निघून जातो आणि वाक्य चालूच राहते. मात्र एक गोष्ट दृष्टिआड करता येत नाही. दबा धरणे, वाऱ्याची दिशा पाहणे, माग काढणे, स्तब्ध बसणे ही या निरीक्षणाची सारी शिस्त शिकारीने दिलेली आहे. नेम धरण्यातील लक्ष्य सुटले आणि व्रत उरले, असे त्याचे वर्णन करता येईल. म्हणून शिकारीच्या आठवणींना केवळ नैतिक निषेधाने निकालात काढणे ही समीक्षा नव्हे. त्या आठवणींत एक ज्ञान साठलेले आहे. प्रश्न एवढाच की, ते कोणाचे आहे.

मारुती चितमपल्ली (मृत्यू २०२५) यांच्या लेखनाने या प्रश्नाला एक प्रामाणिक उत्तर दिले. ‘पक्षी जाय दिगंतरा’ (१९८१), ‘रानवाटा’ (१९९१) किंवा ‘चकवाचांदण’ (२००५) यांमधील वनाधिकारी आपल्याला मिळालेल्या वनविद्येचे ऋण पारधी, आदिवासी आणि रानावनातील अनेक माणसांकडे नोंदवतो. पारध्याच्या हातात बंदूक नव्हती. त्याचे साधन फासे. हरणाच्या वाटेवर फासे कोठे लावायचे, हे कळण्यासाठी हरणाचे मन कळावे लागते. परंतु या साधनाची प्रेमळ आठवण मराठीत कोणी लिहिली नाही, कारण १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या अमलाने या समाजाच्या अस्तित्वावरच संशयाचा शिक्का मारला. तो कायदा १९५२मध्ये रद्द झाला. शिक्का मात्र पुसला गेला नाही.

येथे या लेखाच्या शीर्षकातील भेद स्पष्ट होतो. एकाच जातीची वस्तू एका घरात स्मृतिचिन्ह असते आणि दुसऱ्या घरात मुद्देमाल. इनामदाराच्या दिवाणखान्यात भिंतीवर टांगलेली दुनळी आणि तिच्यावर लावलेली काळविटाची शिंगे यांना कुळाचा इतिहास आहे. पारध्याच्या पालात सापडलेले फासे आणि शिंग यांना पंचनामा आहे. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) ही आत्मकथने या दृष्टीने पुन्हा वाचली पाहिजेत. ती पारध्यांची नाहीत, परंतु भटक्या आणि गुन्हेगार ठरवलेल्या समाजांची आहेत. त्यांत वस्तू पुष्कळ आहेत. तरी त्या वस्तूंना रेंगाळत पाहण्याचा अवकाश निवेदकाला मिळत नाही, कारण वस्तूमागून भूक येते किंवा पोलीस येतात. झाँ बोद्रियार याने १९६८मध्ये मांडलेल्या वस्तुव्यवस्थेत जुनी वस्तू उपयोगातून मुक्त होऊन केवळ काळाची खूण बनते. या विवेचनात गृहीत धरलेले घर स्थिर आहे. त्याला भिंती आहेत आणि भिंतीला खुंट्या आहेत. ज्याचे बिऱ्हाड गाढवाच्या पाठीवर आहे त्याला जुनी वस्तू परवडत नाही. स्मरणरंजन हा भाव सार्वत्रिक असला तरी त्याची साधनसामग्री सार्वत्रिक नाही, हा धडा येथून घ्यावा लागतो.

४

मग लहान व्यासाच्या रायफलीचा मराठी अनुभव काहीच नाही काय? आहे, आणि तो शिकाऱ्याच्या अनुभवाहून कितीतरी अधिक लोकांचा आहे. तो लिहिला गेलेला नाही इतकेच. १९४८च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय छात्रसेनेने शाळा-महाविद्यालयांतील लक्षावधी मुलामुलींच्या खांद्याला टू-टू रायफल लावली. चिनी आक्रमणानंतर १९६३पासून १९६८पर्यंत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना हे शिक्षण सक्तीचेच होते. तालुक्याच्या गावातील विणकराचा, शेतकऱ्याचा, शिक्षकाचा मुलगा आयुष्यात एकदाच खऱ्या रायफलीला हात लावतो तो बहुधा येथे. पंचवीस यार्डांवरचे लक्ष्य, पोटावर झोपून धरलेला नेम, मोजून दिलेली काडतुसे, आणि झाडून झाल्यावर मोजून परत घेतलेली रिकामी टोपणे. या शेवटच्या तपशिलात मराठी अनुभवाचे सारे वेगळेपण आहे. अमेरिकन आठवणीत मुलाच्या खिशात खुळखुळणारी रिकामी टोपणे ही ठेव असते. येथे ती सरकारजमा होतात. एक टोपण कमी भरले तर सारी तुकडी गवतात शोधत बसते. रायफल आपली नाही, काडतूस आपले नाही, टोपणही आपले नाही. उरतो तो खांद्यावरचा भार आणि नाकातला वास. मालकीशिवायची ही स्मृती आहे आणि म्हणूनच ती प्रॉपच्या साखळीत बसत नाही. येथे दाता नाही, वारसा नाही. आहे ती रांग आणि पाळी.

याच्या अलीकडे पलीकडे आणखी काही बंदुका आहेत. दिवाळीतील टिकल्यांची बंदूक आणि जत्रेतील फुगे फोडण्याची छऱ्यांची बंदूक. येवल्याजवळच्या कोटमगावच्या जगदंबेची नवरात्रातील यात्रा असो की राज्यातील कोणतीही जत्रा असो, पैसे देऊन पाच छरे मिळवणारे मूल हे मराठीतील बंदुकीच्या आठवणीचे खरे प्रातिनिधिक पात्र आहे. तिची माशी मुद्दाम वाकवलेली असते, हा संशयही त्या आठवणीचाच भाग. येवल्याच्या मुलाला वारशाची वस्तू विचारली तर तो बहुधा बंदुकीचे नाव घेणार नाही; तो आसारीचे घेईल. संक्रांतीच्या पतंगोत्सवात मांजा गुंडाळण्याची ही लाकडी आसारी मोठ्याकडून लहानाकडे जाते, हाताच्या घामाने गुळगुळीत होते, तिला नाव असते आणि तिच्यामागे पराक्रमाच्या कथा असतात. अमेरिकन गद्यात टू-टू रायफल जे कार्य करते ते येथे आसारी करते. यावरून असे दिसते की, बालपणातून कर्तेपणात नेणारी वस्तू हा रूपबंध सर्वत्र असू शकतो. ती वस्तू कोणती, हे मात्र कायदा, बाजार आणि सण ठरवतात. तुलनात्मक समीक्षेने शोध घ्यावा तो अशा समकार्य वस्तूंचा. समान वस्तूंचा शोध घेतला की पदरी केवळ अभाव पडतो.

टू-टू रायफलीचे मराठीतील दुसरे क्षेत्र क्रीडेचे. ऑगस्ट २०१०मध्ये म्युनिक येथे कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत पन्नास मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या. १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या आणि नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेल्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. दोन्ही प्रकारांतील शस्त्र म्हणजे तीच कडेवर आघात होणारी टू-टू रायफल. या यशानंतर मराठी वृत्तपत्रांत आणि नियतकालिकांत जे लेखन झाले त्याची जातकुळी तपासण्याजोगी आहे. खेड्याचे नाव, आईवडिलांचे कष्ट, पदक आणि मिरवणूक या चार खांबांवर ते उभे असते. रायफल त्यात केवळ किमतीच्या रूपाने येते. ती किती महाग, एवढेच वाचकाला कळते. ती हातात कशी बसते, हे कळत नाही.

ही उणीव तपशिलाची नसून दृष्टीची आहे. पन्नास मीटरवरील लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. तेथे गोळी पोहोचवण्यासाठी नेमबाज श्वास अर्ध्यावर थांबवतो, हृदयाच्या ठोक्याने हलणारी नळी ओळखतो, वाऱ्याची पताका पाहतो आणि चापावरचा दाब इतक्या हळूहळू वाढवतो की, बार कोणत्या क्षणी उडेल हे त्याचे त्यालाही नेमके ठाऊक नसावे. गुडघ्यावर, पोटावर आणि उभ्याने अशा तीन अवस्थांत हेच व्रत पुन्हा करावे लागते. पॅरिसच्या अंतिम फेरीत पहिल्या दोन अवस्थांनंतर पदकाबाहेर असलेला नेमबाज तिसऱ्या अवस्थेत, म्हणजे शरीराला सर्वांत कमी आधार असताना, वर सरकला. या घटनेत नाट्य आहे, पण ते बाहेरून दिसत नाही. हायडेगर याने १९२७मध्ये हाताशी असलेल्या साधनाविषयी जे विवेचन केले त्याचा आशय असा की, साधन नीट चालते तोवर ते लक्षातच येत नाही; बिघडले की वस्तू म्हणून समोर उभे राहते. नेमबाजाचे साधन या विवेचनाला अपवाद आहे. ते नीट चालत असतानाही त्याचा प्रत्येक ग्रॅम लक्षात ठेवावा लागतो. पैठणीच्या मागावर बसलेल्या येवल्याच्या विणकराचे धोट्याशी असलेले नाते काहीसे याच जातीचे आहे. एका चुकलेल्या धाग्याची जाणीव बोटाला डोळ्याआधी होते. अशा साधननिष्ठ अनुभवाचे गद्य मराठीत अल्प आहे. आपल्या ललित गद्याने वस्तूवर माया केली, पण वस्तूबरोबरच्या कामाचे वर्णन सहसा केले नाही.

५

या साऱ्या विवेचनाची कसोटी येवल्याच्याच एका माळावर लागते. तालुक्याच्या ईशान्येस राजापूर-ममदापूर परिसरात काळविटांचे कळप आहेत, आणि २०१४मध्ये ममदापूर संवर्धन राखीव क्षेत्र घोषित झाले. सुमारे चौपन्न चौरस किलोमीटरचा हा कोरडा, गवताळ प्रदेश. १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने काळविटाला सर्वोच्च संरक्षण दिले आणि पुढे १९९१च्या दुरुस्तीने हौशी शिकारीला उरलेली वाटही बंद झाली. दख्खनच्या माळावरील काळवीट हा एकेकाळी बंदुकीच्या आठवणींचा नायक होता. तो कथेत मरण्यासाठीच येई. आज तोच प्राणी उन्हाळ्यात पाण्यासाठी भटकतो, रस्ता ओलांडतो, विहिरीत पडतो आणि गावकरी त्याला वर काढतात. शेतकऱ्याच्या पिकातही तो शिरतो.

हा माळ कोणत्या गद्यात लिहायचा, हा प्रश्न आता उभा राहतो. शिकाऱ्याच्या आठवणीत तो मृगयाभूमी आहे, वनखात्याच्या कागदात तो राखीव क्षेत्र आहे, पारध्याच्या स्मृतीत तो हिरावलेला चरितार्थ आहे आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या बोलण्यात तो नुकसानभरपाईचा अर्ज आहे. यांपैकी पहिल्या दोहोंपाशी लिखित भाषा आहे, उरलेल्या दोहोंपाशी बोलीतील तक्रार. शिकारकथनाची गोडी मान्य करूनही समीक्षकाने हे असमान वाटप नोंदवले पाहिजे. ते नोंदवणे म्हणजे शिकाऱ्याची आठवण खोटी ठरवणे नव्हे. जुन्या दुनळीवरून हात फिरवणाऱ्या म्हाताऱ्याचे प्रेम खरेच असते, आणि त्याच्या गद्यात ते नीट उतरले असेल तर त्याला दाद दिलीच पाहिजे. परंतु आठवण खरी असणे आणि ती पुरी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हाकाऱ्याचे नाव ज्या आठवणीत येते ती अधिक पुरी, आणि केवळ न्यायाच्या नव्हे तर कलेच्या दृष्टीनेही अधिक भरीव असते. कारण तिच्यात दुसरा दृष्टिकोन शिरतो आणि निवेदकाच्या हाती असलेली वस्तू त्याला थोडी जड वाटू लागते.

प्रिय वस्तूंविषयीच्या लेखनाला वाङ्मयप्रकार म्हणून मान्यता द्यायची असेल तर हे जडपण त्याचा निकष मानावे लागेल. वस्तू कोठून आली, तिचा परवाना कोणापाशी होता, ती कोणाच्या खांद्यावरून वाहिली गेली आणि तिच्यासमोर कोण उभे होते, हे प्रश्न वस्तूच्या सौंदर्याला बाधक नाहीत. ते तिच्या चरित्राचे भाग आहेत. कडेवर आघात होणाऱ्या काडतुसाचे एक वैशिष्ट्य असे की, मध्यभागी आघात होणाऱ्या काडतुसाप्रमाणे ते पुन्हा भरून वापरता येत नाही. आघाताने त्याची कड कायमची चेपते, आणि त्या चेपलेल्या जागेवरून ते कोणत्या रायफलीतून उडाले हे तज्ज्ञाला सांगता येते. याच खुणेच्या बळावर ते न्यायालयात मुद्देमाल ठरते आणि याच खुणेमुळे ते एखाद्याच्या पेटीत स्मृतिचिन्ह म्हणून जपले जाते. खूण एकच असते. तिला कोणत्या यादीत घालायचे हे आजवर वस्तूने ठरवलेले नाही, तिच्या धन्याच्या सामाजिक स्थानाने ठरवले आहे. छात्रसेनेच्या रांगेत पाळीची वाट पाहिलेल्यांनी, रान उठवलेल्यांनी आणि ज्यांच्या पालाची झडती झाली त्यांनी आपापल्या वस्तूंविषयी मायेने आणि सविस्तर लिहिले, तर या वाटणीची फेरतपासणी मराठी गद्यातच होऊ शकेल. तोवर शिकाऱ्याच्या आठवणी वाचाव्यात, आवडल्या तर आवडल्या म्हणावे, आणि हाकारे किती होते हे प्रत्येक वेळी विचारावे.